रायफलीवरील नेमदुर्बीण : निवड, जोडणी आणि मर्यादा

१. प्रश्नाचे स्वरूप

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके जेथे एकमेकांना भिडतात, त्या भागात किन्हवली हे बाजाराचे गाव आहे. त्याच्या पूर्वेस आजा पर्वतापासून नाणेघाट व माळशेज घाटापर्यंत सह्याद्रीची भिंत उभी आहे. वायव्येस माहुलीचा गड सुमारे ८५८ मीटर उंचीवर आहे. आणि या दोहोंच्या मधल्या मुलखात भातखाचरे, माळ, साग-ऐनाची राने व ओढ्यांच्या घळी यांचा गुंता आहे. या प्रदेशात अंतर ही मोठी फसवी गोष्ट ठरते. रानात शिरल्यावर तीस-चाळीस पावलांपलीकडचे दिसत नाही. तर पदरावर उभे राहिल्यास घळीपलीकडच्या उतारावरील जनावर स्पष्ट दिसते आणि ते आहे त्याहून जवळ भासते. लांब पल्ल्याच्या रायफलीचा आणि तिच्यावर बसविलेल्या दुर्बिणीचा विचार अशा भूमीवर करू लागले म्हणजे त्यातील भौतिकी चटकन नजरेत भरते.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. शिकार हा या भागात आज कायदेशीर छंद राहिलेला नाही. १९५१ च्या मुंबई वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायद्याच्या काळात परवान्याने शिकार करता येत असे. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर कडक बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकार सर्वस्वी बंद झाली. आज राहिला आहे तो अपवाद त्याच कायद्याच्या कलम ११ चा. मनुष्याच्या जीवितास धोकादायक झालेल्या अथवा बरा न होण्याइतपत जखमी वा रोगग्रस्त झालेल्या प्राण्याबाबत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकास सकारण लेखी आज्ञा देता येते. बिबळ्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्यास पकडणे, गुंगी आणणे अथवा दुसरीकडे हलविणे अशक्य आहे, अशी खात्री पटल्यावाचून त्यास मारण्याची आज्ञा देता येत नाही. म्हणजे दुर्बीण लावलेल्या रायफलीचा या प्रदेशातील न्याय्य उपयोग आज दोनच हातांत उरला आहे : अशी आज्ञा घेऊन आलेल्या व्यक्तीच्या आणि गुंगीचे औषध भरलेली सुई दुरून मारणाऱ्या वन खात्याच्या पथकाच्या. या दोघांपैकी कोणाचाही नेम चुकला, तर त्याचे मोल जखमी जनावराला आणि त्यानंतर त्याच रानात लाकूडफाट्यासाठी जाणाऱ्या माणसांना द्यावे लागते. म्हणून नेमदुर्बिणीची निवड व जोडणी हा हौसेचा विषय न राहता जबाबदारीचा विषय ठरतो.

२. उघडा नेम आणि दुर्बीण

रायफलीवरील साध्या नेमात डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि दूरचे लक्ष्य या तीन वस्तू एका रेषेत आणावयाच्या असतात. खाच डोळ्यापासून अर्ध्या मीटरच्या आत, माशी सुमारे पाऊण मीटरवर आणि लक्ष्य दोनशे मीटरवर असते. मानवी डोळ्यास या तिन्ही अंतरांवर एकाच वेळी स्पष्ट पाहता येत नाही. चाळिशीनंतर तर नेत्रभिंगाची लवचीकता कमी होऊन ही अडचण वाढत जाते. शिवाय माशीची जाडी आड येते ती निराळीच. दोन मिलिमीटर रुंदीची माशी डोळ्यापासून ८० सें.मी. अंतरावर असेल, तर ती २०० मीटरवरील ५० सें.मी. रुंदीचा भाग झाकून टाकते. म्हणजे हरणाचे जवळजवळ सारे धड तिच्याआड जाते.

दुर्बीण ही अडचण मुळातूनच दूर करते. वस्तुभिंग दूरच्या लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत, क्रूसतंतूंच्या प्रतलात आणते. त्यामुळे लक्ष्य आणि खूण ही दोन्ही एकाच अंतरावर दिसतात आणि डोळ्यास एकाच ठिकाणी लक्ष केंद्रित करावे लागते. मधली भिंगे उलटी प्रतिमा सुलट करतात आणि नेत्रिका ती मोठी करून दाखविते. दुर्बिणीचा खरा लाभ हा ‘एकप्रतल’ नेमाचा आहे. विशालन हा त्याच्या मागून येणारा लाभ होय.

या साधनाच्या इतिहासाचा एक धागा मुंबई इलाख्याशी जोडलेला आहे. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात नोकरी केलेले डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रायफलीवर बसणाऱ्या दुर्बिणीचा पुरस्कार केला. त्यांच्या नमुन्याची दुर्बीण नळीच्या वर न बसता डाव्या अंगास बसे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर ती वापरली गेली. बाजूस बसविलेल्या दुर्बिणीची दृष्टिरेषा गोळीच्या उभ्या प्रतलाबाहेरून सुरू होते आणि तिरकस येऊन त्यास एकाच अंतरावर छेदते. त्या अंतराच्या अलीकडे व पलीकडे गोळी बाजूला पडते. दुर्बीण नळीच्या बरोबर माथ्यावर बसविण्याची रूढी पुढे पक्की झाली, तिचे भूमितीय कारण यातच आहे.

दुर्बीण नसली म्हणजे अचूकता नसते, असा समज मात्र करून घेऊ नये. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन अवस्था या प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते दुर्बिणीवाचून, छिद्रनेमाच्या बळावर. ज्ञात अंतर, स्थिर आसन आणि रेखीव काळे वर्तुळ असेल तेथे उघडा नेमही पुरतो. दुर्बिणीची गरज लागते ती अंतर अज्ञात, प्रकाश अपुरा आणि लक्ष्याची कड अस्पष्ट असेल तेव्हा. आणि रानात बहुधा तसेच असते.

३. निवडीच्या कसोट्या

बाजारातील दुर्बिणीवर ‘४–१२ × ४०’ अशा धर्तीचे अंक असतात. पहिले दोन अंक विशालनाची किमान व कमाल मर्यादा सांगतात. शेवटचा अंक वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास होय. निवडीचे बहुतेक प्रश्न या अंकांच्या परस्परसंबंधातून सुटतात.

पहिली कसोटी निर्गमद्वाराची. दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास भागिले विशालन. ४० मि.मी. भिंग चारपट विशालनास १० मि.मी.ची शलाका देते, आठपटीस ५ मि.मी.ची आणि बारापटीस ३.३ मि.मी.ची. दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, तेव्हा हे तिन्ही आकडे पुरेसे आहेत. सांजावल्यावर तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. त्या वेळी बारापट विशालनात प्रतिमा काळवंडते. बिबळ्याच्या हालचालीची वेळ बहुधा हीच असते. म्हणून संधिप्रकाशात काम करणाऱ्याने मोठ्या विशालनाचा मोह सोडून मोठ्या निर्गमद्वाराकडे पाहावे. शलाका रुंद असली म्हणजे डोळा किंचित सरकला तरी प्रतिमा नाहीशी होत नाही, हा तिचा दुसरा लाभ.

दुसरी कसोटी विभेदनाची. निरोगी डोळ्यास सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन बिंदू वेगळे दिसतात. ४० मि.मी. भिंगाची विवर्तनजन्य मर्यादा सुमारे २.९ विकला आहे. या दोन आकड्यांचा भागाकार सुमारे वीस येतो. त्याहून अधिक विशालन या भिंगात काहीही नवे दाखवीत नाही. प्रत्यक्षात वीसपर्यंतही जाता येत नाही. चैत्र-वैशाखात तापलेल्या माळावरून उठणाऱ्या हवेच्या लहरी प्रतिमा थरथरवितात आणि विशालन वाढवावे तसा थरकापही वाढतो. मोठ्या विशालनाबरोबर दृष्टिक्षेत्र आकुंचन पावते, हे तर उघडच आहे. झुडपाआडून निघालेले जनावर मग दुर्बिणीत सापडतच नाही.

तिसरी कसोटी पराशयाची. लक्ष्याची प्रतिमा क्रूसतंतूंच्या प्रतलात नेमकी पडली नाही, तर डोळा हलविल्याबरोबर खूण लक्ष्यावरून सरकताना दिसते. साध्या शिकारी दुर्बिणी सुमारे शंभर मीटर अंतरासाठी पराशयमुक्त करून देण्यात येतात. अन्य अंतरावरील कमाल चूक अशी काढता येते : वस्तुभिंगाची त्रिज्या गुणिले दोन अंतरांतील फरक, भागिले पराशयमुक्त अंतर. ४० मि.मी. भिंग १०० मीटरसाठी बसविलेले असता ३०० मीटरवर डोळा निर्गमद्वाराच्या अगदी कडेस असल्यास ही चूक ४ सें.मी. होते. डोळा मध्यभागी ठेवल्यास ती शून्यावर येते. लांब पल्ल्याच्या दुर्बिणीत यासाठी स्वतंत्र फिरकी असते. जिला ती नाही तिच्यावर गालाची टेकण सदैव एकाच जागी येईल, अशी दस्त्याची रचना हवी.

चौथी कसोटी क्रूसतंतूंच्या जागेची. ते पहिल्या प्रतिमाप्रतलात असतील, तर विशालनाबरोबर लक्ष्यासारखेच लहानमोठे दिसतात आणि त्यांवरील खुणांचा कोन कायम राहतो. ते दुसऱ्या प्रतलात असतील, तर त्यांची जाडी सोयीस्कर राहते; पण खुणांचे माप एकाच विशालनास खरे असते. खुणांवरून अंतर मोजणाऱ्याने हा भेद विसरल्यास त्याची चूक दुपटी-तिपटीची होऊ शकते.

यांखेरीज डोळा आणि नेत्रिका यांच्यात पुरेसे अंतर, साधारणतः नऊ सें.मी.च्या आसपास, राहते किंवा नाही हेही पाहिले पाहिजे. रायफलीच्या धक्क्याने दुर्बीण मागे येते आणि हे अंतर अपुरे असल्यास भुवई फुटते.

४. गोळीचा मार्ग आणि दृष्टिरेषा

जोडणी समजण्यास गोळीचा मार्ग समजणे आवश्यक आहे. नळीच्या मुखाशी गोळीचा वेग सेकंदास ८०० मीटर आहे असे समजू आणि विवेचनाच्या सोयीसाठी हवेचा रोध तूर्त बाजूस ठेवू. १०० मीटर जाण्यास तिला ०.१२५ सेकंद लागतात व तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली ७.७ सें.मी. पडते. २०० मीटरवर हे पतन ३०.६ सें.मी., ३०० मीटरवर ६८.९ सें.मी. आणि ४०० मीटरवर १२२.५ सें.मी. होते. हवेच्या रोधाने प्रत्यक्ष पतन यापेक्षा अधिकच असते.

दुर्बिणीचा अक्ष नळीच्या अक्षाच्या ४ सें.मी. वर आहे आणि नेम २०० मीटरसाठी जुळविला आहे, असे धरले तर दोन अक्षांमध्ये १.७३ सहस्रांश रेडियनचा, म्हणजे सुमारे सहा कलांचा, कोन असावा लागतो. या जुळणीत गोळी पंचवीस मीटरच्या आसपास दृष्टिरेषेस खालून छेदते, १०० मीटरवर तिच्या ५.६ सें.मी. वर असते, २०० मीटरवर पुन्हा तिला मिळते, ३०० मीटरवर २१ सें.मी. खाली आणि ४०० मीटरवर ५७ सें.मी. खाली जाते. पहिल्या दोनशे मीटरांत चूक बोटाच्या लांबीहून अधिक नाही; पुढल्या दोनशेत ती हातभर होते. ‘लांब पल्ला’ या शब्दांचा अर्थ यात आहे : जेथून अंतराचे अज्ञान घातक ठरू लागते, तेथून पल्ला लांब झाला असे म्हणावे.

समजा, अंतर ४०० मीटर आहे अशा अंदाजाने नेम त्याप्रमाणे जुळविला. परंतु खरे अंतर दहा टक्क्यांनी अधिक, म्हणजे ४४० मीटर, निघाले. गोळी १३ सें.मी. खाली लागेल. ते ३६० मीटर असल्यास गोळी सुमारे १०.५ सें.मी. वर लागेल. मध्यम आकाराच्या हरणाचे हृदय-फुप्फुसाचे क्षेत्र सुमारे वीस सें.मी. व्यासाचे धरतात, म्हणजे त्याच्या मध्यावर धरलेला नेम केवळ या एका चुकीने त्या क्षेत्राबाहेर जातो. उत्तम दुर्बीण, उत्तम रायफल आणि स्थिर हात, तिन्ही असून जनावर जखमी होऊन जाते. घळीपलीकडचा उतार पाहून दहा टक्क्यांच्या आत अंतर सांगणारा डोळा विरळाच.

५. बैठक, कड्या आणि ओळंबा

दुर्बीण रायफलीस जोडणारे दोन भाग असतात. नळीमागच्या पेटीवर पक्की होते ती बैठक आणि दुर्बिणीची नळी धरतात त्या कड्या. दुर्बिणीच्या नळीचा व्यास सामान्यतः २५.४ किंवा ३० मि.मी. असतो, कड्या त्याच मापाच्या हव्यात. दुर्बिणीवर मोठा खर्च करून बैठकीवर काटकसर करण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. ती किती महाग पडते हे एका उदाहरणाने दिसेल. दोन कड्यांमधील अंतर १० सें.मी. आहे आणि पुढली कडी मागलीच्या मानाने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे साधारण कागदाच्या जाडीइतकी, बाजूस आहे. यातून उपजणारा कोन एक सहस्रांश रेडियनचा; आणि ३०० मीटरवर त्याची चूक ३० सें.मी.! ही चूक फिरकीने भरून काढता येते हे खरे. परंतु तसे केल्याने आतील भिंगे मध्यापासून दूर सरकतात, प्रतिमेचा दर्जा उतरतो आणि वाऱ्यासाठी राखलेला वाव खर्च होतो. शिवाय एका रेषेत नसलेल्या कड्या आवळल्यावर दुर्बिणीची नळी वाकते, व धक्क्यागणिक ती आपली जागा बदलू पाहते. म्हणून दोष बैठकीत असेल तर तो बैठकीतच सुधारावा, फिरकीवर ढकलू नये.

जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणे आहे. प्रथम बैठकीचे स्क्रू व त्यांची छिद्रे यांवरील तेल पुसून काढावे. तेलकट स्क्रू ठरावीक जोराने आवळला तरी अपेक्षेपेक्षा अधिक ताण घेतो व पुढे सैलही होतो. बैठक पेटीवर सर्वत्र टेकते की कोठे झुलते हे स्क्रू सैल ठेवून पाहावे. त्यानंतर कड्यांचे खालचे अर्ध बसवून, दोन अणकुचीदार दांड्या समोरासमोर धरून कड्यांची रेषा तपासावी. अणी एकमेकींस भिडल्या म्हणजे रेषा साधली. दुर्बीण ठेवल्यावर कड्या तिच्या रुंदावणाऱ्या भागावर अथवा फिरक्यांच्या पेटीवर दाबत नाहीत याची खात्री करावी. वरचे अर्ध हलकेच बसवून, डोळे मिटून रायफल खांद्यास लावावी आणि मग डोळे उघडावेत. पूर्ण वर्तुळ काळ्या कडेवाचून दिसेपर्यंत दुर्बीण पुढेमागे सरकवावी. ही परीक्षा कमाल विशालनावर करावी, कारण तेथे डोळ्याच्या जागेस सर्वांत कमी मोकळीक असते. जाड कपड्यांत डोळा मागे राहतो व निजून नेम धरताना तो पुढे येतो, हेही लक्षात घ्यावे.

यापुढील काम ओळंब्याचे. क्रूसतंतूंपैकी उभा तंतू नळीच्या उभ्या प्रतलात असला पाहिजे. गवंड्याचा साधा ओळंबा पन्नास मीटरवर, वारा नसताना टांगून, रायफल पाणसळीने समतल धरावी आणि उभा तंतू त्या दोरीशी जुळवावा. महागड्या उपकरणाहून हे साधन उणे नाही. रायफल कलल्यास काय होते याचे गणित सोपे आहे. ४०० मीटरच्या पतनासाठी नळीस दिलेली १२२.५ सें.मी.ची उंची कलामुळे अंशतः बाजूस वळते. पाच अंश कल असल्यास बाजूची चूक १०.७ सें.मी. होते. उतारावर बसून नेम धरणाऱ्यास पाच अंशांचा कल जाणवतही नाही, कारण त्याच्याभोवतीची जमीनच कललेली असते.

शेवटी कड्यांचे स्क्रू आडवे-तिडवे, थोडथोडे, दोन्ही बाजूंची फट समान राहील अशा रीतीने, उत्पादकाने सांगितलेल्या जोरापर्यंत मापनपान्याने आवळावेत. अधिक आवळल्याने दुर्बीण अधिक घट्ट बसत नाही. तिची नळी मात्र चेपते आणि आतील भिंगांची हालचाल अडखळते. फार लांब पल्ल्यासाठी पुढे उतरती, उदाहरणार्थ वीस कलांची, बैठक वापरतात. तिचा हेतू एवढाच की, फिरकीचा निम्मा वाव निरुपयोगी न राहता दूरच्या अंतरासाठी कामी यावा.

६. जुळणी व तिची संख्याशास्त्रीय बाजू

जोडलेली दुर्बीण म्हणजे जुळलेली दुर्बीण नव्हे. प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तिचा बोल्ट काढून ती पक्क्या टेकणीवर ठेवतात. नळीतून पंचवीस मीटरवरील खूण मध्यभागी दिसेल अशी तिची दिशा साधून, रायफल न हलविता क्रूसतंतू त्याच खुणेवर आणतात. पंचवीस मीटरच का, हे वर आलेच आहे : तेथे गोळी दृष्टिरेषेस पहिल्यांदा छेदते. नंतर मान्यताप्राप्त चांदमारीच्या मैदानावर त्याच अंतरावर काही गोळ्या झाडून पाहतात व मग शंभर मीटरवर अंतिम जुळणी करतात. फिरकीचा एक खटका पाव कलेचा असल्यास शंभर मीटरवर तो ०.७३ सें.मी.चा आणि ३०० मीटरवर २.२ सें.मी.चा होतो. सहस्रांश रेडियनची पद्धत असल्यास त्याच्या दहाव्या भागाचा खटका शंभर मीटरवर एक सें.मी. देतो, दशमानाशी परिचित वाचकांस ती अधिक सोयीची वाटेल.

येथे एक नेहमीची चूक होते. एक गोळी झाडावयाची, ती जेथे लागली तेथून मध्याकडे खटके फिरवावयाचे, पुन्हा एक गोळी, पुन्हा खटके. या रीतीने जुळणी कधीच स्थिर होत नाही. गोळ्यांच्या विखुरण्याचे प्रमाण विचलन शंभर मीटरवर २ सें.मी. असेल, तर एका गोळीवरून काढलेल्या मध्याची अनिश्चितता दोन सें.मी., म्हणजे जवळजवळ तीन खटके. तीन गोळ्यांच्या सरासरीत ती १.१५ सें.मी. होते आणि नऊ गोळ्यांच्या सरासरीत ०.६७ सें.मी., म्हणजे एका खटक्याच्या आत येते. तात्पर्य, नऊ गोळ्यांपूर्वी शेवटचा खटका फिरविण्यास आधार नाही. फिरकी खरे बोलते की नाही हे पाहण्यासाठी चौकोनाची परीक्षा करतात : वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. शेवटचा गोळीसमूह पहिल्यावरच पडला पाहिजे.

७. उतार, हवा आणि पाऊस

डोंगराळ मुलखात उताराचा नियम अनेकांस उलटा वाटतो. तीस अंशांच्या चढावर अथवा उतारावर ३०० मीटरवरील लक्ष्यासाठी गुरुत्वाचा दृष्टिरेषेस लंब असलेला घटक ०.८६६ पट होतो आणि पतन ६८.९ ऐवजी ५९.७ सें.मी. राहते. म्हणून सपाटीवर जुळविलेली रायफल चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे, सुमारे ९ सें.मी. वर मारते. ‘खाली मारताना खाली जाईल’ या समजुतीने नेम वर धरणारा चुकीत भर घालतो.

हवेची घनता १५ अंश सेल्सिअसपासून ४० अंशांपर्यंत तापमान चढल्यास सुमारे आठ टक्क्यांनी घटते. माहुलीच्या माथ्यावर ती समुद्रसपाटीच्या मानाने आणखी सुमारे दहा टक्के कमी भरते. दोन्हींमुळे रोध कमी होतो. हिवाळ्यात सपाटीवर जुळविलेला नेम वैशाखात डोंगरावर तसाच राहत नाही. वाऱ्याचा परिणाम मात्र कोणतीही दुर्बीण दाखवीत नाही. आडव्या वाऱ्याने होणारे सरकणे म्हणजे वाऱ्याचा वेग गुणिले रोधामुळे लागलेला जादा काळ. ३०० मीटरवर हा जादा काळ ०.०४५ सेकंद असेल व वारा सेकंदास चार मीटर असेल, तर गोळी १८ सें.मी. सरकते. घाटातील खिंडीतून उतरणारा वारा घळीच्या दोन काठांवर भिन्न दिशांनी वाहू शकतो, हेही ध्यानी धरावे.

पावसाचे चार महिने हे या भागातील साधनांचे खरे परीक्षक होत. दुर्बिणीत कोरडा नायट्रोजन भरून सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले नसतील, तर आतील भिंगांवर दव धरते आणि पुढे बुरशी येते. लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, नळीस एका अंगाने दाबू लागतो आणि जुळणी बिघडते. म्हणून दसऱ्यानंतर जुळणी पुन्हा तपासल्याशिवाय पावसाळ्यापूर्वीच्या नोंदीवर विसंबणे योग्य नव्हे.

८. तीस मीटरांचे ‘दूर’ अंतर

हे सारे विवेचन शिकारी रायफलीपुरतेच आहे असे वाटेल. परंतु आज किन्हवलीच्या आसपासच्या रानात दुर्बिणीची खरी कसोटी लागते ती गुंगीच्या बंदुकीवर. २००९ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबळ्या वन खात्याने बाहेर काढला. विद्या अत्रेय यांच्या संशोधनासाठी त्याच्या गळ्यात संदेशपट्टा घालण्यात आला आणि त्यास माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला हा बिबळ्या ठाणे जिल्हा ओलांडून सुमारे १२० किलोमीटर चालला आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेतल्या वस्त्यांत त्याने माणसावर हल्ला केला नाही. जो प्राणी पूर्वी बंदुकीच्या टप्प्यात आल्याबरोबर मारला गेला असता, त्याच्यापासून ज्ञान मिळाले, ते त्यास जिवंत ठेवल्यामुळे.

आता गुंगीच्या सुईचे गणित पाहावे. तिचा वेग सेकंदास ६० मीटर धरला, तर तीस मीटर जाण्यास तिला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती १२२.५ सें.मी. पडते. हाच आकडा वर ४०० मीटरवरील गोळीच्या बाबतीत आला होता. कारण उघड आहे : पतन अंतरावर अवलंबून नसून काळावर अवलंबून असते. सेकंदास ८०० मीटर वेगाच्या गोळीस ४०० मीटर जसे, तसेच ६० मीटर वेगाच्या सुईस ३० मीटर. अंतराच्या अंदाजात दहा टक्के चूक झाली, जनावर ३० ऐवजी ३३ मीटरवर निघाले, तर सुई तंतोतंत तेवढ्याच १३ सें.मी.नी खाली जाईल. बिबळ्याच्या मांडीचा जाड स्नायू साधारण तळहाताएवढा. त्याऐवजी सुई पोटात अथवा हाडावर बसू शकते. आणि येथे वेग वाढवून चूक टाळण्याची सोय नाही, कारण अधिक वेगाची सुई स्वतःच जखम करते. म्हणून वायूचा दाब अंतरानुसार बदलावा लागतो. प्रत्येक दाबाची जुळणी निराळी असते आणि तिचा तक्ता बंदुकीबरोबर ठेवावा लागतो. झाड, विहिरीचा काठ, घराचा कोपरा अशा खुणांची अंतरे आधी फितीने अथवा लेसर अंतरमापकाने मोजून ठेवणे, हे अशा प्रसंगी दुर्बिणीच्या विशालनापेक्षा अधिक मोलाचे असते.

कमी विशालन, मोठे निर्गमद्वार, जवळच्या अंतरासाठी पराशयमुक्ती, ओळंब्याशी जुळलेला उभा तंतू आणि हलणार नाही अशी बैठक, या पाच गोष्टी अशा बंदुकीवरील दुर्बिणीस पुरेशा आहेत. लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी गाजविली जाणारी इतर वैशिष्ट्ये येथे बहुधा ओझेच ठरतात.

नेमदुर्बीण लक्ष्य जवळ आणते हे तिचे वर्णन प्रकाशिकीच्या दृष्टीने बरोबर आहे. गोळीच्या दृष्टीने ते सर्वस्वी चूक आहे. दुर्बिणीत जनावर कितीही मोठे दिसले तरी गोळीस तेवढेच अंतर, तेवढाच काळ आणि तेवढाच वारा कापावयाचा असतो. ज्याने आपल्या साधनाच्या चुकांची बेरीज एकदा कागदावर मांडली आहे, त्यास कोणत्या अंतरापलीकडे चाप ओढावयाचा नाही हे आधीच ठाऊक असते. नेमदुर्बिणीची निवड आणि जोडणी यांचा अभ्यास अखेर या एका अंतरापाशी येऊन थांबतो, आणि ते अंतर कोणत्याही दुर्बिणीवर कोरलेले नसते.